क्लोदेतची खुर्ची

हसायचं तर हसा. पण विसाल माझ्या सख्ख्या नणंदेची मुलगी, आणि पोरगी खोटं बोलणारी नाही.

रमजानची संध्याकाळ. मोरोक्कोतलं आमचं कासाब्लांका. रोजा सोडायला सगळे घरी पळालेले. विसाल मुलाखतीला पोचली तेव्हा कॉल सेंटरमध्ये उरला होता फक्त म्हातारा पहारेकरी बूशाईब.

"आत माणूस नाही, पोरी. यंत्रच मुलाखत घेतं. मान वळवलीस, चेहरा पडद्यावरच्या चौकटीबाहेर गेला, की नापास!"

नोकरी नाही मिळाली तर ईदनंतर बाप तिला गावी नेऊन बसवणार होता.

ती बसली. पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटली.

"कामाचं नाव सांगा," यंत्र म्हणालं.

आमच्याकडच्या मुली फोनवर फ्रेंच नाव लावतात. गिऱ्हाईक फ्रान्सचं, त्याला विसाल कशी चालेल?

तिने सुचलं ते सांगितलं. "क्लोदेत."

यंत्राने नावांची यादी तपासली...

"हे नाव आधीच वापरात आहे. मागच्या बाईंनी बाहेर जावं."

"अहो, मागे कुणी नाहीये!"

पण पडद्यावर... तिच्या खांद्यामागे, कोऱ्या भिंतीवर, दुसरी हिरवी चौकट.

विसालने श्वास रोखला. तरी श्वास ऐकू येत होता...

अगदी कानाशी.

पळावं तर नोकरी गेली. बसावं तर...

ती बसली. बाहेर रोजा सोडायची, मगरिबची बांग झाली. पाणी समोरच होतं, पण मान हलवली तर नापास.

"चिडलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगाल?" यंत्राने विचारलं.

तिने तोंड उघडलंच नव्हतं...

"उत्तम उत्तर," यंत्र म्हणालं. "तुमची निवड झाली."

बाहेर येऊन तिने नाव सांगितलं, तसा बूशाईबच्या हातातला खजूर खाली पडला. "क्लोदेत? अगं पोरी, कुणाला विचारायचंस तरी! ती त्याच खुर्चीत मेली, हेडफोन कानाला लावलेला. ते नाव कुणी घेत नाही इथे."

विसाल कामावर रुजू झाली. तिथे रजा, बढती, सगळं यंत्रच बघतं. विसालने नाव बदलून मागितलं. नाही दिलं. म्हणे, क्लोदेतचं काम अव्वल आहे.

शेवटी तिने राजीनामा टाकला. लगेच उत्तर आलं...

"दोघींची संमती लागेल. एकीने नकार दिला आहे."

मी भडकले. "खड्ड्यात गेलं ते यंत्र! उद्यापासून जाऊच नकोस."

"काल गेलेच नव्हते गं, मामी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तरी बघ ना... दिवसभर बोलून घसा बसलाय."