सेनापतीचा खालचा ओठ

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी सेनापतीच्या नाकात होते.

सेनापती म्हणजे आमच्या गावामागचा डोंगर. कुणीतरी कधीकाळी ग्रॅनाइटच्या अख्ख्या कड्यातून त्याचा चेहरा कोरला. त्याने कोणती लढाई जिंकली हे आता कुणाला आठवत नाही, पण नाक शाबूत आहे आणि ते तसंच ठेवणं हे माझं काम. पाणी भेगेत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मी दोराला लटकून भेगा बुजवते आणि नाकपुड्यांतलं गवत उपटते. त्या दिवशी उपटत होते, तेवढ्यात वरून एक बूट आला आणि माझ्या हेल्मेटवर उभा राहिला.

"इथला दगड जरा हलतोय," वरून आवाज आला.

"दगड नाही, डोकं आहे," मी म्हटलं. "माझं."

बूट घाईघाईने उचलला गेला. मग नाकपुडीच्या कडेवरून एक उलटा चेहरा आत डोकावला. "माफ करा… मी नवीन आहे. भेगा मोजायला आलोय."

"मग मोजा. डोक्याला अजून तरी तडा नाही."

तो हसला. पण उलट्या चेहऱ्यावरचं हसू रडल्यासारखं दिसतं, त्यामुळे आठवडाभर मी त्याला रडका समजत होते.

त्याने प्रत्येक भेगेवर हालचाल मोजणारा एकेक काट्याचा मीटर चिकटवला. दगड केसभर जरी हलला तरी गावात भोंगा वाजणार आणि लोक घरं सोडून मैदानात जाणार. डोंगराची सगळी देखभाल मावशीकडे होती. ती घरात मला चिमणी म्हणते आणि कामावर ओळख दाखवत नाही. तिचा नियम सरळ होता: हलणारा दगड कापून खाली उतरवायचा. डोंगराखाली घरं आहेत, तिथे लाड चालत नाहीत.

जेवायला बसण्याजोगी सपाट जागा एकच, सेनापतीचा खालचा ओठ. तो बसएवढा लांब आहे. माझा दोर डाव्या टोकाला उतरायचा, त्याचा उजव्या. त्यामुळे आमची ओळख वाढली ती ओरडून. त्याने एकदा विचारलं, उकडलेलं अंडं चालतं का? डोंगर 'चालतं का… चालतं का…' करत राहिला आणि खालून कुणीतरी बाई हो म्हणाली. ओरडताना 'अहो-जाहो' लांब पडतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात आम्ही 'तू'वर आलो. कारण एवढंच होतं, असं मी मावशीलाही सांगितलं.

मग एका दुपारी तो ओरडला, "पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या डोंगरावर चाललो."

मी ओरडून विचारलं, "तिथे काय आहे?"

"घोडा. शेपटीला तडा गेलाय."

एका घोड्याच्या शेपटीपायी कुणाला इतकं वाईट वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. थांब, असं म्हणायचं होतं. पण ते ओरडायचं कसं? अख्खं गाव ऐकणार.

त्याने डबा झाकला. मग उठला, दोर सरकवत ओठावरून हळूहळू माझ्याकडे आला आणि शेजारी बसला. कोपराला कोपर लागलं. त्याच्या पापण्यांवर दगडाची धूळ होती… इतकी जवळून मी आजवर फक्त सेनापतीची पापणी पाहिली होती.

"हे ओरडून सांगण्यासारखं नाही," तो म्हणाला. "मी—"

आणि भोंगा वाजला.

तो बोलत होता. मनापासून बोलत होता. मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. भोंगा थांबेपर्यंत गाव मैदानात जमलं होतं आणि वॉकीटॉकीवर मावशी होती. ओठ हलला आहे, दोघं खाली या, उद्या कापायला घेते.

खालचा ओठ गेला तर सेनापतीच्या तोंडाचं बोळकं होणार. आणि खरं काय झालं ते सांगावं, तर मावशीला कळणार, आईला कळणार, अंड्याला हो म्हणणाऱ्या त्या बाईलाही कळणार. मी वर बघितलं. एवढी वर्षं मी ज्याचं नाक साफ केलं, त्याला वाऱ्यावर सोडायचं?

मी बटण दाबलं. "मावशी, ओठ आपणहून नाही हलला. आम्ही हलवला."

"कसा?"

"हा माझ्या बाजूला येऊन बसला."

"कशाला?"

"तेच ऐकत होते, तेवढ्यात तुझा भोंगा वाजला."

पण मावशी पुराव्याशिवाय आईवरही विश्वास ठेवत नाही. त्याला जागेवर पाठव, म्हणाली. तो गेला, काटा शून्यावर आला. परत बोलाव, म्हणाली. तो आला, काटा सरकला. असं आणखी दोनदा झालं. खाली सगळं गाव डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होतं.

"भार एका बाजूला आला की झुकतो, एवढंच," मावशीने निकाल दिला. "पोलादी सळया घालून बांधून काढू. मग वर्षभर मोजणी लागेल, त्याला सांग. घोडा थांबेल." मग ती म्हणाली, "चिमणे, भोंगा बंद केलाय. काय ते बोलून घ्या. लोक उन्हात उभे आहेत."

चिमणे. कामावर असताना.

आता इतकी शांतता झाली, की खाली कुणी खोकललं तरी वर ऐकू येत होतं. त्याने दोराची गाठ तपासली, माझी तपासली, परत स्वतःची तपासली. शेवटी माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाला, "तुझ्या बाजूला… रोज बसलं तर चालेल का?"

"चालेल!" मी ओरडले.

सवय, दुसरं काय. डोंगराने ते तीनदा गावाला सांगितलं.

आता नवा नियम आहे, ओठावर एका वेळी एकच माणूस. म्हणून आम्ही कानात जेवतो. कान भक्कम आहे. तिथे हळू बोललं तरी चालतं.