कच्चे शब्द

त्याचा शर्ट मुळी मळलेलाच नव्हता. लॉन्ड्रीच्या काउंटरवर तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

“अहो, यात धुवायचं काय?”

“काही नाही,” तो ओशाळून म्हणाला. “तुमचं ते मशीन... छान ठेका धरतं. जाता जाता ऐकलं. थोडा वेळ बसू?”

तो गाणी लिहायचा. आधी चाल, मग शब्द — अशी त्याची तऱ्हा. चाल विसरू नये म्हणून तोंडाला येतील ते कच्चे शब्द तिच्यात कोंबायचा. “मामा चिडले... बटण तुटले...” असलं काहीतरी डोळे मिटून अगदी आर्त सुरात गायचा, आणि ती हसून हसून बेजार व्हायची. खरे शब्द मागाहून, घरी बसून.

“धुऊन धुऊन शर्ट विरला त्याचा,” लॉन्ड्रीचे मालक, म्हणजे तिचे मामा, कुरकुरायचे. “दुसरा घे म्हणावं आता!”

ती नुसती लाजायची. तो तिला आवडू लागला होता, फार. पण आधी त्यानं बोलावं, हा तिचा हट्ट.

एका दुपारी इस्त्रीच्या वाफेनं काच धुरकटली होती. त्यानं नवी चाल धरली. डोळे मात्र उघडे, थेट तिच्याकडे.

“लांबच्या गावी काम मिळाले... येशील का तू माझ्यासंगे...”

ती खुदकन हसली. “‘मामा चिडले’पेक्षा बरंय! पण खरे शब्द कधी घालणार?”

“बघू...” तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण ती अजून हसतच होती.

त्यानंतर तो आलाच नाही. न सांगता गेला म्हणून ती किती रुसली, किती रडली! वर्षभरानं तो दारात उभा राहिला, तेव्हाही तिनं आधी भांडणच काढलं.

“एका शब्दानं सांगितलं नाहीस!”

“सांगितलं होतं की... गाऊन.”

“ते... खरं होतं? ‘येशील का’सुद्धा?”

“तेच तर खरं होतं. तू हसलीस, मग परत विचारायचा धीर झाला नाही.”

“अरे वेड्या, नुसतं बोलायचं ना! मी नेसत्या कपड्यांनिशी निघाले असते!”



“माझं लग्न ठरलंय,” तो म्हणाला. या वेळी चालीशिवाय, साध्या शब्दांत.

“छान,” ती म्हणाली. त्या दुपारी आपण हसलो नसतो तर... तिचे डोळे भरून आले. ते त्याला दिसू नयेत म्हणून ती पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालू लागली.