तळ्याखालचं मोर्साल

फिलोमेनला साखळी हवी होती, एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

थांब लोरियान, दिवा लावू नकोस. चुलीचा उजेड पुरे आहे. तुम्ही तिघं आठवडाभर किल्ले बघत हिंडताय, चर्चमधल्या दगडी पुतळ्यांचे फोटो काढताय, मी काही बोललो का? पण मघाशी जेवताना हा तिबो म्हणाला, उद्या संध्याकाळी गर्दी ओसरली की रिकाम्या तळ्यात उतरू, बुडालेलं गाव निवांत बघू. म्हणून सांगतोय. दुपारी जा. शंभर माणसं असतात, सॉसेजचा गाडा असतो, तेव्हा जा. संध्याकाळी नाही.

काय म्हणालास? "भुतं आहेत का आजोबा?" हस, हस. मी भूत पाहिलेलं नाही. आन्सेल्मचं काय झालं ते पाहिलंय. म्हणजे... जेवढं दिसलं तेवढं.

आन्सेल्म माझा दोस्त. गाई पाळायचा, चीज करायचा, आणि फुटबॉलच्या मॅचला मैदानाबाहेरून असा ओरडायचा की पंच त्यालाच आधी दम द्यायचे. जन्म खालच्या, आता बुडालेल्या मोर्सालचा. नदीवर धरण झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. माणसं वर पठारावर आली. चर्चची घंटा वर आणली, कबरी उकरून हाडं वर आणली. घरं खालीच राहिली, त्यांवर पाणी आलं. आन्सेल्मची आई वर आली खरी, पण नव्या घरातला पहिला हिवाळा काही तिने काढला नाही.

दर काही वर्षांनी भिंतीची तपासणी करायला धरणवाले तळं रिकामं करतात, यंदा केलंय तसं. ही मागच्या खेपेची गोष्ट. फिलोमेन, म्हणजे आन्सेल्मची थोरली बहीण, तेव्हा वृद्धाश्रमात होती. अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. रविवारी आन्सेल्म आणि त्याची बायको ह्युगेत तिला भेटायला गेले, तर ती म्हणाली, "तळं आटलंय म्हणे. आपल्या घरात जाऊन ये. चुलीवर आई हंडा टांगायची ती लोखंडी साखळी आहे का बघ. बाबांनी घाईत तशीच सोडली."

"गंजून भुगा झाली असेल गं."

"मग भुगा आण. डोळे मिटायच्या आधी एकदा हातात धरायची आहे मला."

"तुझे डोळे काही इतक्यात मिटत नाहीत. आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील तू."

"तोंड वाजवू नकोस. साखळी आण."

असं हसतखेळत झालं सगळं.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता तो. दर हिवाळ्याआधी घेतात तशी आदल्या रात्री घड्याळं तासभर मागे घेतली होती, म्हणजे अंधार तासभर आधी. आणि तिथेच चुकलं. माणूस घड्याळ बदलतो, पण अंगातली सवय बदलत नाही. आन्सेल्मच्या डोक्यात कालचाच हिशोब, की पाच वाजता निघालं तरी बक्कळ उजेड असतो. गाईंचं आटोपून दोघं तळ्याकाठी आले तेव्हा लोक वर परतत होते. धरणाचा रखवालदार ल्युदो रस्त्यावरचा अडसर लावायच्या बेतात होता.

"काका, आता नको. उद्या या," तो म्हणाला. "अंधार पडतोय, आणि रस्ता सोडला की चिखल आहे."

"तू मला रस्ता सांगतोस? तुझा बाप रांगत नव्हता तेव्हा मी या रस्त्यावरून पळत होतो. साखळी काढतो आणि आलोच."

ल्युदोने ह्युगेतकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ दे रे त्याला. आज नाही गेला तर रात्रभर माझं डोकं खाईल."

हे वाक्य तिने मला नंतर किती वेळा म्हणून दाखवलं, काय सांगू.

उतरले दोघं. किल्ल्याच्या कड्याखालून जुना रस्ता जातो तो तुम्ही पाहिलाय. एरवी किल्ल्याच्या पायाशी पाणी असतं. तळं आटलं की तो एवढा उंच दिसतो, की मान मोडून बघावं लागतं. खाली पूल. पुलापलीकडे छप्पर नसलेलं चर्च. मग घरं. घरं कसली, कमरेएवढ्या भिंती, आणि सगळ्यावर राखाडी चिखल.

आता पुढचं ह्युगेतने सांगितलेलं. मला एकदाच सांगितलं, त्याच रात्री, आणि तेव्हा तिचे दात वाजत होते.

आन्सेल्मने घर लगेच ओळखलं. चर्चनंतरचं तिसरं. दाराच्या चौकटीचे दोन दगडी खांब उभे होते, मधे उंबरा. ह्युगेतचे गुडघे दुखायचे म्हणून ती रस्त्यावरच थांबली. तो आत गेला. मागची भिंत तेवढी पुरुषभर उंच राहिली होती, तिच्यात चूल. तो वाकला, आत हात घातला आणि ओरडला, "आहे! अगं, आहे साखळी!" खुशीत होता. ओढली तर येईना.

"राहू दे आन्सेल्म. उद्या पाना घेऊन ये."

"थांब गं, एक मिनिट."

कड्यामागे सूर्य गेला. त्या दरीत असंच होतं, दिवा मालवल्यासारखं. ह्युगेतने मोबाईल काढला, बॅटरी लावावी म्हणून. खाली रेंज नसतेच. बॅटरी लावली, पण उजेड उंबऱ्यापर्यंतच पडत होता. ती म्हणाली, "आत जातच नव्हता गं... गास्पार, आत जातच नव्हता." इतकी हादरली होती, की मला गं म्हणत होती.

मग तिला आन्सेल्म बोलताना ऐकू आला.

हळू आवाजात. तिच्याशी नव्हे. जुन्या बोलीत बोलत होता, इथल्या म्हाताऱ्यांच्या. ह्युगेत उत्तरेकडची, तिला ती बोली येत नव्हती. आन्सेल्मही ती कधी बोलायचा नाही, विसरलो म्हणायचा. आणि आता घडाघडा बोलत होता. मधेच थांबायचा. ऐकून घेतल्यासारखा. मग पुन्हा बोलायचा.

"कुणाशी बोलतोयस?"

तो वळला. हसत होता. म्हणाला, "ताटं मांडलीत गं त्यांनी."

"कुणी?"

"आई विचारतेय, बाहेर कोण उभं आहे? तिला आत बोलाव म्हणतेय."

ह्युगेतला आधी वाटलं, थट्टा करतोय. त्याची खोड होतीच तशी. मग तिला वास आला. कोबीच्या सूपचा. चुलीवर बराच वेळ रटरटणाऱ्या... आणि लाकडाच्या धुराचा. त्या चिखलात.

"आन्सेल्म, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता ये."

"जेवतो आणि येतो."

मग तिच्या लक्षात आलं, की तो मघापेक्षा बुटका दिसतोय.

गुडघे दिसत नव्हते. नंतर मांड्या दिसेनात. तो बुडत होता, पोरांनो. आणि त्याला त्याचं काही नव्हतं. जेवायला टेबलाशी बसलेल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे ठेवले होते. चिखलावर.

ती धावली. उंबऱ्यापर्यंत गेली. पुढे पाय उचलेना. भीतीने नाही, ती म्हणाली, भीती तर गेलीच होती. पायच उचलेना. हात लांब केला. तो तिच्या बोटांपासून दोन-तीन हातांवर. "हात दे. आन्सेल्म, हात दे मला." त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं माणूस बघतात, पण नाव आठवत नाही... तसं. आणि आतल्या कुणाला तरी काहीतरी म्हणाला. आणि मान फिरवली.

...

काही नाही. लाकूड सरकलं चुलीत.

तिथे उभं राहावं की मदत आणावी? तुम्ही काय केलं असतं? ती पळाली. दुखऱ्या गुडघ्यांनी सगळा चढ पळत आली. ल्युदोने अग्निशमनवाल्यांना फोन लावला आणि मग मला. माझं घर जवळ. मी दोर आणि फळ्या टाकून गाडी काढली, त्यांच्या आधी पोचलो. ह्युगेत अडसराला धरून उभी होती. एकच घोकत होती, "छातीपर्यंत आला असेल... आता छातीपर्यंत आला असेल..."

मी आणि ल्युदो उतरायला लागलो. पुलापर्यंत पोचलो असू. तेव्हा ते ऐकू आलं.

खट्.

थांबलो.

खट्. मग थोडं अलीकडे, खट्.

तुम्ही शहरातली, पण आमच्याकडे अंधार पडला की काय करतात ते रोज बघताय. खिडक्यांच्या बाहेरच्या लाकडी झडपा ओढून घ्यायच्या, आतून कडी घालायची. तोच आवाज. एका घराचा. मग शेजारच्या. मग पलीकडच्या. सगळ्या गल्लीतून, एकामागून एक. कमरेएवढ्या भिंतींचं गाव ते. लाकूड म्हणून काडी नव्हती तिथे. ल्युदोने माझा दंड असा धरला, की पुढे आठवडाभर वळ होता.

मग एक दार लागलं. जड दार.

आणि मग काही नाही. नदीचं पाणी तेवढं.

आम्ही पळत गेलो. तिसरं घर. बॅटरीचा उजेड आता नीट आत पडत होता, चुलीपर्यंत. चिखल सपाट. साय धरलेल्या दुधासारखा. आत गेलेलं पाऊल नाही, बुडाल्याची खूण नाही. मी हाका मारल्या. फळी टाकून वर पालथा पडलो, हात खुपसला. हाताला लागली फरशी. पोरांनो, चिखल हातभरसुद्धा खोल नव्हता. खाली दगडी फरशी होती. अख्खी. माणूस जाईल अशी फट नव्हती तिच्यात.

अग्निशमनवाले आले, कुत्री आली. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. घर खरवडून काढलं, फरश्या उपटल्या, खाली खडक. शेजारची घरं खणली. नदी पार धरणापर्यंत धुंडाळली. पोलीस ह्युगेतला पुन्हा पुन्हा तेच विचारायचे, आणि ती पुन्हा पुन्हा तेच सांगायची. शेवटी एक तरुण इन्स्पेक्टर तिला समजावल्यासारखं म्हणाला, "बाई, धक्क्यात माणसाला काहीही दिसतं." ती म्हणाली, "मग तुम्ही सांगा, तो कुठे आहे?" त्याने वही मिटली. चांगला पोरगा होता. 

फिलोमेनला सांगायला मी गेलो. म्हटलं, कसं सांगू? पण ती ऐकून रडली नाही.  तिने विचारलं, "अंधार पडल्यावर गेला होता?"

"पडत होता."

"मग आईने कसं सोडलं असतं त्याला, एवढ्या अंधाराचं?"



आणि तळं भरायची तारीख ठरलेली. ह्युगेत धरणाच्या कचेरीत गेली, मीही बरोबर होतो. थोडे दिवस थांबा म्हणाली. ते नीट बोलले, खुर्ची दिली, कॉफी दिली. साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. पण म्हणाला, वर डोंगरात पाऊस झालाय, नदी येतेच आहे, धरणाची दारं उघडी ठेवली तर खालची गावं जातील. खरंच होतं ते. कुणावर चिडणार? ह्युगेतने कॉफी संपवली, आभार मानले. जिन्यात मात्र माझ्या कोटाची बाही धरून खाली बसली.

शेवटच्या सकाळी आम्ही खाली गेलो. तिला एकदा उंबऱ्याशी उभं राहायचं होतं, बाकी काही नाही. रात्री कडाक्याची थंडी पडलेली. सगळ्या चिखलावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं, वरच्या अडसरापासून पार चर्चपर्यंत. ल्युदो रात्रभर पहाऱ्यावर होता, कुणी उतरलं नाही म्हणाला. उतरलं असतं तर दिसलंच असतं. त्या पांढऱ्यावर आमच्या पायांखेरीज एक पाऊल नव्हतं.

उंबऱ्यावर बूट ठेवले होते.

आन्सेल्मचे. त्या संध्याकाळी पायात होते तेच. रबरी, डाव्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेले. शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून. धुतलेले. त्यांच्यावर दहिवर नव्हतं.

आम्ही दिवसरात्र तो उंबरा ओलांडत होतो. आदल्या संध्याकाळी मी स्वतः तिथे बसलो होतो.

ह्युगेत खाली बसली. बुटाला हात लावला. मग आत हात घातला, आणि तशीच राहिली. मी विचारलं, काय आहे?  मीच वाकलो.

गवत होतं आत. पोरांचे बूट भिजले की आया रात्री आत दाबून भरतात, तसं भरलेलं. नोव्हेंबर लागला होता, सगळ्यांचं गवत केव्हाच कोठारात पडलं होतं, वाळून पिवळं झालेलं.

हे हिरवं होतं. नुकतं कापलेलं.