कचरा नावाची ओळ

दुपारचं ऊन नवऱ्याच्या पलंगावर आलं, तरी तिचा प्रोग्राम काही ताळ्यावर येईना. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा गेली होती. उजव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत होतं. त्या बोटासाठी तिने बटण बनवलं होतं. पडद्यावर अक्षरं सरकत जायची, हवं ते आलं की दाबायचं. साधं काम, पण घोडं कुठेतरी पेंड खात होतं. आणि त्याच्या एका शब्दासाठी ती आसुसली होती.

तिने डीबगर उघडला. चालता प्रोग्राम थांबवून त्याच्या पोटात कुठे काय साठलंय, हे तो ओळीओळीने दाखवतो. बटणाची ओळ कोरडी होती. खालची मात्र आकड्यांनी गच्च भरलेली. नको असलेलं टाकायला ठेवलेल्या त्या ओळीला तिनेच वैतागून ‘कचरा’ नाव दिलं होतं. आकड्यांवरून काही बोध होईना, म्हणून तिने सेटिंग बदललं. आकडे नकोत, अक्षरं दाखव.

‘अतिशहाणे.’

लग्न झाल्यापासून तो तिला असंच चिडवायचा, तेही चारचौघांत कधीच नाही. तिला भरून आलं. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं, तशी ती टेबलावर चष्मा चाचपू लागली.

ओळ बदलली. ‘डोक्यावर आहे.’

रडता रडता ती हसली. मग काय, तिच्या तोंडाला खळ राहिला नाही. ती बोलायची, ओळ उत्तर द्यायची. प्रोग्राम थांबलेला असताना ओळ बदलते कशी, हे मनात आलं खरं, पण तिने ते झटकून टाकलं.

नणंद पाणी घेऊन आली.

“अगं, दादा बोलतोय तुझा!”

नणंदेने पलंगाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. “वहिनी... बटण तर इथेच पडलंय. वायरही सुटलीय त्याची.”

ती ताडकन उठली.

तिने वायर जोडली. बटण त्याच्या बोटाखाली ठेवलं. प्रोग्राम सुरू केला.

तो टक्क जागा होता. तिच्याकडेच बघत होता.

बोट थरथरलं. एकेक अक्षर उमटत गेलं.

‘कोणाशी बोलतेस?’

खालची ओळ हलली.

‘सांगू नकोस, अतिशहाणे.’