हक्काचं माणूस

पोलादपूरच्या ग्राहक भांडारात गंधार पहिल्यांदा शिरला तो पाऊस चुकवायला. शाळेत नवाच रुजू झालेला मास्तर. दुकानात नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून त्यानं एक काडेपेटी मागितली.

"सभासद आहात?" गल्ल्यावरून श्रियानं विचारलं.

"नाही... व्हायला हवं का?"

ती हसली, आणि तिथंच फसली! दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा काडेपेटी न्यायला हजर. तिसऱ्या दिवशीही.

"कालची काय झाली?"

"सादळली."

गडी बिडी ओढत नव्हता, जेवायला खानावळीत जात होता. गोडेतेल न्यायला आलेल्या राहीबाईनं एकदा तोंडावरच विचारलं, "मास्तर, रोज रोज काड्या! घर पेटवायचं हाय का काय?"

तो लाजून डाळींच्या डब्यांकडे बघत राहिला. याला आपण आवडतो की आपल्या दुकानाचं छप्पर, हेच श्रियाला कळेना. आपल्याला मात्र तो आवडतो, हे तिला चांगलंच कळलं होतं.

मग एके दिवशी त्यानं सभासदत्वाचा अर्ज मागितला. सगळ्यांना सांगते तसं तिनं एकेक रकाना समजावला.

"वारस? माझं तर अजून लग्न..."

"बायकामुलंच हवीत असं नाही हो. तुमचं हक्काचं माणूस लिहायचं."

गुरुवारी सकाळी, शाळेची घंटा होता होता, तो भरलेला अर्ज गल्ल्यावर ठेवून पळाला. श्रियानं उघडला. वारसाचे नाव – कु. श्रिया कमलाकर गुप्ते. नाते – कोरं.

तिनं ते नाव दोनदा वाचलं. पण खालचा रकानाही कोराच होता: ओळख देणाऱ्या सभासदाचे नाव. म्हणजे खालचं नाव चुकून वर लिहिलं की काय? खोडावं, तर आपल्याच हातानं नकार दिल्यासारखं. न खोडावं आणि ती निव्वळ चूक निघाली, तर...? दोन वाजता माल उतरवून टेम्पो अर्ज घेऊन महाडला परतणार. तिथे संस्थेचे चिटणीस प्रत्येक अर्ज चष्मा पुसून वाचणार. आणि चिटणीस म्हणजे तिचे बाबा!

मधल्या सुट्टीत तो आला.

"एक काडेपे–"

"आधी हे बघा. रकाना चुकलाय तुमचा."

त्यानं वाकून पाहिलं. कान लाल झाले. "नाही... तुम्हीच म्हणालात ना, हक्काचं माणूस..."

"आणि नातं?"

"ते तुम्हाला विचारल्याशिवाय कसं लिहू?"

बाहेर टेम्पोवाला चांगू हॉर्नवर हॉर्न देत होता. श्रियानं पेन उचललं, ओळख देणाऱ्याच्या जागी झटकन सही केली आणि नात्यापुढे लिहिलं – 'विचाराधीन'.

"म्हणजे... नकार?" त्यानं विचारलं.

"आमच्या संस्थेत विचाराधीन अर्ज आजवर एकही नामंजूर झालेला नाही, मास्तर."

त्या संध्याकाळी ती महाडला घरी पोचली ती जीव मुठीत धरून. बाबांनी जेवताना आमटी दोनदा मागितली, बातम्या ऐकल्या, झोपले. शुक्रवारी तसंच. शनिवारी, रविवारीही तसंच! रागावले आहेत, की वाचलंच नाही? तिला घास गोड लागेना.

सोमवारी टेम्पोतून अर्ज परत आला. कोपऱ्यात बाबांचा लाल शेरा होता. तिनं तो गंधारला वाचून दाखवला.

'सभासदत्व मंजूर. नात्याच्या खुलाशासाठी अर्जदाराने येत्या रविवारी आई-वडिलांसह समक्ष भेटावे. चहाची व्यवस्था आहे.'

गंधारनं तो शेरा स्वतः पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाला, "घरी एकोणीस काडेपेट्या साठल्यात. रविवारी येताना काय आणू?"

"काडेपेटी सोडून काहीही आणा..." श्रिया म्हणाली, "आणि आता मला अहो-जाहो पुरे झालं."