पुठ्ठ्याच्या डोंगराखालची मोरी

“माल्टे, श्वास घेऊ नकोस.”

“किती वेळ?”

“झाड चिकटेपर्यंत.”

माल्टेने गाल फुगवले. हेन्रिकेने चिमट्यात धरलेलं बोटाच्या पेराएवढं झाड डोंगरावर अलगद टेकवलं. शरदाची सुट्टी लागल्यापासून ती धाकट्या भावाला तळघरात असंच राबवून घेत होती. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि ओपांच्या, म्हणजे आजोबांच्या, तळघरातल्या मोठ्या फळीवर त्यांचं गाव उभं राहत होतं. स्टेशन, रुळांचा उंच भराव, भरावाला खेटून असलेल्या बागा आणि बागांमागे पुठ्ठा-प्लास्टरचा डोंगर. नाताळाआधीच्या जत्रेत ही छोटी रेल्वे, भरावालगतच्या बागा भाड्याने देणाऱ्या बागमंडळाच्या सभागृहात मांडायची होती. हेन्रिकेला तिच्यात काहीही खोटं चालत नसे. स्टेशनाच्या घड्याळाचे काटे तर तिने बदलून बदलून पार जेरीला आणले होते.

“ही मोरी कशाला?” माल्टेने भरावातल्या कमानीत बोट घातलं. “आणि आरपार पोखरलीस? कुणाला दिसणार आहे?”

“मला माहीत असेल ना. ओपांच्या जुन्या फोटोत आहे ती.”

“पण तिथे खरी मोरी नाहीच. मी रोज सायकलवरून जातो.”

“सायकलवर असताना तुला समोरचा खांबसुद्धा दिसत नाही.”

माल्टेने कपाळाला हात लावला. तिथलं टेंगूळ अजून ताजं होतं.

तेवढ्यात जिन्यावर चिखलाचे बूट वाजले. शेजारची दिलारा आली होती. रोज आल्या आल्या ती भरावालगतच्या शेवटच्या बागेत आपल्या बाबांची मधमाश्यांची पेटी नीट आहे ना, हे बघायची. आज तिने फळीकडे पाहिलंही नाही.

“आमची बाग जाणार,” ती म्हणाली. “मंडळ काढून घेणार आहे. शनिवारी बैठक आहे.”

“का?”

“वसंतापासून पाणी साचतंय म्हणून. अध्यक्ष हेर क्नोल म्हणतात, बाबांनी माश्यांना प्यायला डबकं खणलं, त्याचाच हा प्रताप. बाग नीटनेटकी ठेवता येत नसेल तर सोडा म्हणाले.”

“ताटाएवढं तर डबकं आहे ते,” माल्टे म्हणाला.

“ते मी सांगितलं. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम.” दिलाराने आता फळीवरच्या पेटीवर बोट ठेवलं. “पाणी पेट्यांखालच्या विटांना लागलंय. पाऊस असाच राहिला तर माश्या बुडतील. बाबा तर बोलतच नाहीत. नुसते खिडकीशी उभे असतात.”

हेन्रिके चिमटा हातात धरून डोंगराकडे बघत राहिली. तिची नजर डोंगरावरून बागेत उतरली, भरावाला आपटली आणि कमानीत शिरली.

“दिलारा, डोंगरावरचं पाणी पूर्वी कुठून जायचं गं?”

उत्तराची वाट न बघता तिने रेनकोट ओढला.

तिघं भरावापाशी पोचली. फोटोत जिथे कमान होती, तिथे आता मंडळाचा फुलांचा ताटवा होता. कडेने पांढरे दगड, मधे लाल टोपीचा, कंदील धरलेला मातीचा बुटका पुतळा, आणि त्याच्या गळ्यात ‘जिल्ह्यातला सर्वांत सुंदर कोपरा’ अशी पाटी. ताटव्याच्या पायथ्याशी पाण्याचं तळं झालं होतं, आणि ते थेट दिलाराच्या बागेपर्यंत पसरलं होतं.

माल्टेने दिलाराच्या बागेतल्या कुदळीचा दांडा मातीत खुपसला. दांडा मऊ मातीतून आत गेला आणि टक्कन कशाला तरी लागला. त्याने जरा वर खुपसला. तिथेही टक्क.

“विटा. आणि गोल वळताहेत,” तो म्हणाला. “हेन्रिके, ती मोरी आहे. मला खरंच खांब दिसत नाहीत.”

फाटकातून रूळ ओलांडून तिघं पलीकडे धावली. खाजऱ्या पानांनी हात भाजून घेत त्यांनी झुडपं बाजूला केली. कमान होती! पण तिच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं आणि तळाला धूळ. आठवडाभर आभाळ फाटलंय आणि पाण्याच्या मोरीत धूळ! बॅटरीच्या उजेडात पार दुसऱ्या टोकाला ठोकलेल्या फळ्या दिसल्या.

“वसंतातलं श्रमदान,” दिलारा हळूच म्हणाली. “सगळ्यांनी मिळून कोपरा साफ केला होता.”

“ओपासुद्धा होते,” माल्टे म्हणाला. “पाठ धरली म्हणून दोन दिवस कण्हत होते.”

मंडळाचे अध्यक्ष हेर क्नोल छत्रीखाली उभे राहून कुणाच्या तरी कुंपणाची उंची टेपने मोजत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण टेप काही गुंडाळली नाही.

“कसली मोरी? भगदाड होतं ते. पालापाचोळा अडकलेला, दिसायला गलिच्छ. पाण्याचा थेंब नव्हता त्यात.”

“तेव्हा पाऊस नव्हता,” माल्टे म्हणाला.

“मुला, त्या कोपऱ्याला बक्षीस मिळालंय,” हेर क्नोल म्हणाले आणि पुढच्या कुंपणाकडे वळले.

मुलं घरी परतली. तळघरात हेन्रिके येरझाऱ्या घालू लागली. बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी तिने मातकाम करायच्या रंगीत मातीचा गोळा घेतला आणि आपल्या छोट्या कमानीच्या तोंडावर ताटवा करायला बसली. पांढरे दगड आले. लाल टोपीचा तांदळाएवढा बुटकाही आला.

“त्यांचं ऐकून मोरी बुजवतेस?” दिलाराला राग आला.

“आपला कोपरा छोट्या रेल्वेत कसा दिसतो, हे बघायला ते धावत येतील. बैठकीआधी सगळ्यांना इथे बोलवायचं. माल्टे, झारी शोध.”

“तू यावर पाणी ओतणार?” माल्टेचा विश्वास बसेना. “मला श्वास घेऊ देत नव्हतीस!”

हेन्रिकेने मान वळवली. तिला रडू येत होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

शनिवारी हेर क्नोल खरोखरच सगळ्यांच्या आधी आले. मागून मंडळाचे इतर लोक, ओपा आणि सगळ्यांत शेवटी दिलाराचे बाबा. इवलासा बुटका बघून हेर क्नोलांचा चेहरा फुलला.

“वा! कंदीलसुद्धा आहे.”

“काहीही खोटं नाहीये यात,” हेन्रिके म्हणाली. तिने गाडी भरावावर उभी केली, विजेची पिन काढली आणि झारी उचलली. “हा आपला पाऊस.”

“अगं पोरी, प्लास्टर...” ओपा ओरडले.

पाणी डोंगरावरून घसरलं. झाडं आडवी झाली, हिरवा भुसा तरंगू लागला. पाणी ताटव्याला थडकून मागे फिरलं आणि शेवटच्या बागेत चढलं. दिलाराने रंगवलेली पिवळी पेटी उचलली गेली आणि गोल गोल फिरू लागली. हेन्रिकेने ओतणं थांबवलं नाही. भिजलेला भराव खचला, रूळ वाकले आणि गाडीचं इंजिन कलंडलं.

“डबकं मी केलंच नव्हतं यात,” हेन्रिके म्हणाली. “माल्टे, आता.”

माल्टेने बुटक्यासकट ताटवा उपटला. पाणी कमानीतून पलीकडे धावलं आणि फळीवरून थेट हेर क्नोलांच्या चकचकीत बुटांवर पडलं.

त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग कलंडलेल्या इंजिनाकडे.

“मी तिथून रोज जातो,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “फावडी आणा.”

बैठक झालीच नाही. भर पावसात सगळं मंडळ खणत होतं. पहिली फळी हेर क्नोलांनी स्वतः उपटली. त्याबरोबर पाणी असं उसळलं की बक्षिसाची पाटी मोरीतून पार पलीकडे गेली. दिलाराचे बाबा पेट्यांपाशी धावले. एकेका पेटीला कान लावत ते पुढे सरकले आणि शेवटच्या पेटीपाशी थांबून लेकीकडे वळले.

“गुणगुणताहेत,” ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी दिलाराने त्यांचं हसू पाहिलं. हेर क्नोल चिखलाचा हात पुसायला विसरले आणि तसाच त्यांनी तो पुढे केला. बाबांनीही तो तसाच हातात घेतला.

“तो फोटो इतकी वर्षं माझ्या भिंतीवर आहे,” ओपा हेन्रिकेला म्हणाले. “आणि त्याच मोरीवर मी गाडाभर माती ओतली. फोटो नीट बघितलास तो तू.”

फळीवरचं गाव पुन्हा उभारताना हेन्रिकेचा जीव मेटाकुटीला आला. डोंगरावरचा पाण्याचा डाग तर निघालाच नाही. जत्रेत लोक तो डाग बघायलाच गर्दी करत होते. संध्याकाळी हेर क्नोल आले आणि त्यांनी खिशातून आगपेटी काढली. आत तांदळाएवढा बुटका होता, त्यांनी घरी भिंग लावून रंगवलेला. त्याच्या हातात कंदील नव्हता, फावडं होतं.

“याला कुठे ठेवू?” त्यांनी विचारलं.

हेन्रिकेने मोरीची कमान दाखवली. “वर. तोंडाशी नको.”

हेर क्नोलांनी चिमटा घेतला आणि माल्टेकडे पाहिलं.

माल्टेने लगेच गाल फुगवून श्वास रोखला.