लाकडी डोक्यावरचा हेडफोन

"चोरी झालीय, आणि तीसुद्धा डोक्यावरून," खुर्चीत टेकायच्या आधीच व्यवस्थापक म्हणाले.

"कुणाच्या?" ताईंनी विचारलं.

"लाकडी डोक्याच्या."

भाऊजींना हसू आवरेना. भाऊजी म्हणजे ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यावर ते घरात दिवसभर बायकोच्या पायात पायात करायचे, म्हणून बहिणीनं त्यांना ताईंच्या तपास कचेरीत आणून बसवलं होतं. गाडी चालवायची आणि प्रत्येक प्रकरणात भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, ही दोन्ही कामं ते अगदी मनापासून करत.

व्यवस्थापकांनी रुमालानं मान पुसली आणि सगळं सांगितलं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं आता संग्रहालय झालं होतं, आणि त्याचा कारभार ते बघत. फार वर्षांपूर्वी वरच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. बोर्डावर एकटीच ऑपरेटर बसलेली. साहेबानं वरून हाका मारल्या, तरी ती हलली नाही. खोऱ्यातल्या एकेका गावाला फोन लावत राहिली. 'पाच नंबर बोलतेय, पाणी येतंय, टेकडीवर जा.' खोरं वाचलं.

"तिचं काय झालं?" भाऊजींनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

"पाणी ओसरल्यावर गच्चीवर सापडली, मैत्रिणीबरोबर. तीच मैत्रीण पुढे तिची नणंद झाली. तीही आमच्याकडेच ऑपरेटर होती. उद्या बाईंचा सत्कार आहे हो! गावाला जाग यायला त्यांचे केस पांढरे व्हावे लागले. आणि ऐन वेळी त्यांचा हेडफोनच गायब. त्यांच्या आयुष्यातला एवढा एक दिवस, तोही माझ्या हातून नासायचा."

ताई उठल्याच.

संग्रहालयातली काचेची पेटी शाबूत होती. किल्ली दाराच्या मागे खिळ्याला लटकलेली, म्हणजे कुणीही घ्यावी आणि उघडावं. शेजारी चांदीची पदकं होती, त्यांना कुणी हात लावला नव्हता. आत लाकडी डोकं तेवढं बोडकं उभं होतं. खिडकीतल्या उन्हानं त्याचा रंग उडाला होता. फक्त डाव्या कानावर वाटीएवढा गोल गडद राहिला होता आणि तिथून ओठांपर्यंत एक गडद रेघ गेली होती.

"ही रेघ बोलायच्या दांडीची," व्यवस्थापक म्हणाले. "दांडी वाटीला पक्की जोडलेली होती."

"म्हणजे उलटा करून दुसऱ्या कानाला लावता येणार नाही?"

"लावला तर दांडी मानेमागे जाईल. मग काय पाठीशी बोलायचं?"

"हा त्यांचाच होता कशावरून?"

"पाच नंबरच्या बोर्डाला खोचलेला मिळाला. पाच नंबर त्यांचा."

"हेडफोन बोर्डाचे असायचे की बायकांचे?"

"जिचा तिचा. आपल्या डोक्याच्या मापानं वाकवून घ्यायचा, काम संपलं की काढून न्यायचा. दुसरीचा कुणी घालत नसे."

काल येऊन गेलेली माणसं तीनच. सत्काराचे फोटो काढणारा फोटोग्राफर, ऑपरेटरबाई आणि त्यांची नणंद, जिला अख्खी गल्ली आत्या म्हणते. सगळी मिळून गेली. मग आत्या छत्री विसरली म्हणून एकटीच परत आली होती.

"काल तर कडक ऊन होतं," भाऊजी म्हणाले.

"म्हातारी माणसं उन्हातही छत्री नेतात," व्यवस्थापकांनी त्यांना गप्प केलं.

फोटोग्राफरचं दुकान जुन्या कॅमेऱ्यांनी आणि चकत्या फिरवायच्या फोनांनी खच्चून भरलं होतं. भाऊजींनी ताईंना कोपरानं ढोसलं. याच्या घरात हेडफोन नाही सापडला तर नाव बदलीन, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"मी कशाला चोरू?" फोटोग्राफर उखडला. "माझाच तोटा झालाय. उद्या स्टेजवर बाईंना तोच हेडफोन घालायला लावून फोटो काढणार होतो. काल सांगितलंही त्यांना."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही, नुसत्या हसल्या. खिडकी त्यांच्या उजवीकडे होती, चेहऱ्यावर उजेड बघायला मी डाव्या अंगाला उभा होतो. आत्या मात्र म्हणाली, असले नखरे कशाला."

ऑपरेटरबाईंचं घर जवळच होतं. भाऊजी सोफ्यावर त्यांच्या डावीकडे बसले आणि त्यांच्या शौर्याबद्दल चांगलं मोठं भाषण केलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं.

ताई समोर बसल्या. "उद्या हेडफोन घालून फोटो काढायचा होता ना तुमचा?"

"मी घालायचा?" बाईंचा चेहरा पडला. "हे कुणी ठरवलं? मला कुणी बोललं नाही."

एवढ्यात आत्या चहा घेऊन आली. भाऊजींनी घोट घेतला आणि कप तसाच हातात धरून बसले. चहात साखरेचा कणही नव्हता.

"साखर संपलीय," आत्या म्हणाली.

"अगं, काल सकाळीच तर डबा काठोकाठ भरला मी!"

"मग मुंग्यांनी नेली असेल. मी काय करू?"

"तुमच्या वहिनी फार धीराच्या," ताई आत्याला म्हणाल्या.

"आहेच मुळी! गळ्याइतक्या पाण्यातून चालत आली ती. बाकीचे जीव मुठीत धरून गच्चीवर बसले होते नुसते." आत्या एकदम थांबली आणि कप गोळा करायला लागली. भाऊजींचा भरलेला कपही तिनं उचलला, आणि त्याबद्दल भाऊजींनी तिचे मनोमन आभार मानले.

ताई भाऊजींना म्हणाल्या, "गाडी काढा. व्यवस्थापकांना आणि फोटोग्राफरला इथेच घेऊन या."

"पकडायचं ना त्याला?"

"आधी आणा तर."

सगळे जमल्यावर ताईंनी सुरुवात केली.

"चांदी सोडून जुना हेडफोन नेणाऱ्याला तो विकायचा नव्हता. तो उद्या डोक्यावर चढू नये, एवढंच त्याला हवं होतं. का? कारण तो डाव्या कानाचा आहे. आणि बाई, तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बरोबर?"

"लहानपणापासून," बाई हळूच म्हणाल्या.

"अरेच्चा! म्हणजे माझं भाषण..." भाऊजी म्हणाले.

"वाया गेलं. डावा कान बंद असलेली ऑपरेटर आपला हेडफोन डावीकडे कशी वाकवून घेईल? म्हणजे तो बाईंचा नाही. दुसरीचा हेडफोन कुणी घालत नसे, म्हणजे त्या दुपारी पाच नंबरवर दुसरीच बसली होती, स्वतःचा हेडफोन खोचून. खोऱ्यातल्या लोकांनी नाव ऐकलंच नव्हतं, नंबर ऐकला होता. नंबरावरून साऱ्या गावानं माणूस ठरवून टाकलं."

"मग चोरी बाईंनीच केली, लपवायला!" भाऊजींनी ताबडतोब नवा संशय घेतला.

"त्यांना फोटोचा बेत ठाऊकच नव्हता. फोटोग्राफर बोलला तो त्यांच्या बंद कानाशी. ऐकलं ते आत्यांनी, आणि छत्रीच्या निमित्तानं एकट्या परत गेल्या त्याही आत्याच. आज त्याच म्हणाल्या, वहिनी पाण्यातून चालत आली. बोर्डावर बसलेली बाई चालत कुठून येईल? आली ती बाहेरून, आत अडकलेल्या मैत्रिणीला काढायला. आत्या, साखरेचा डबा आणता का? भाऊजींना गोड चहा लागतो."

आत्यानं कपाळावर हात मारला. डबा आला. साखरेत हात घालून तिनं हेडफोन काढला आणि पदराला पुसला.

"मी घसा फोडून सांगितलं असतं तेव्हाच," ऑपरेटरबाई रडायलाच लागल्या. "हिनं शपथ घातली. मी जागा सोडून हिच्या भावाला भेटायला गेले होते. कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि वडिलांनी घरात घेतलं नसतं."

"आणि मला अशी वहिनी मिळाली नसती," आत्या फटकन म्हणाली. "इतकी वर्षं झाकलं ते उद्या स्टेजवर उघडं पाडायचं? लोक हिला खोटारडी म्हणतील. मला नाही ते चालायचं."

व्यवस्थापक हेडफोनकडे बघत होते. घ्यायला हात पुढे होईना.

"माझं काम चोर शोधायचं, ते झालं," ताई म्हणाल्या. "उद्या काय करायचं ते तुम्ही दोघी ठरवा."

आत्याच्या मते ठरवण्यासारखं काही नव्हतंच. हेडफोन सापडला नाही असं सांगायचं आणि हार घालून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी ती अगदी निर्धास्तपणे पहिल्या रांगेत बसली होती. तिकडे स्टेजवर ऑपरेटरबाई उठल्या आणि हार घ्यायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. जागा सोडल्याचं, कुणाला भेटायला गेल्याचं, शपथेचं, सगळं. मग खाली उतरून आत्याला दंडाला धरून वर नेलं, आणि पर्समधून हेडफोन काढून तिच्या डोक्यावर चढवला. तो इतका नेमका बसला की शंकेला जागाच उरली नाही.

आत्या वहिनीकडे असं बघत होती, की घरी गेल्यावर काही खरं नव्हतं.

मागच्या रांगेत एक म्हातारा काठी टेकत उठला. खोऱ्यातल्या शेवटच्या गावातला पोस्टमास्तर.

"बाई, आमचा फोन शेवटचा होता," तो म्हणाला. "मी तुम्हाला विचारलं होतं, आमचं झालं, पण तुमचं काय? तेवढ्यात लाइन तुटली. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही त्यावर काय म्हणाला असता?"

आत्यानं माइककडे बघितलं, लोकांकडे बघितलं. मग वहिनीचा हात धरला.

"मला कसली काळजी?" ती म्हणाली. "मला न्यायला ही येणार, हे ठाऊक होतं मला."

पुढचं कुणाला नीट ऐकू आलं नाही. पोस्टमास्तर उभा होताच, बाकीचं सभागृहही उभं राहिलं, आणि फोटोग्राफर डोळे पुसता पुसता फोटो काढायचंच विसरला.